अपवाद : एक व्यक्ती

१२ जानेवारी

ठमे,

वर आशीर्वाद लिहिणार होते, पण तू ते वाचून कागद चुरगळशील, म्हणून थेट मुद्द्यावर येते. फोन तू उचलत नाहीस. मुद्दाम जाड पेनाने, मोठ्या अक्षरात लिहितेय, म्हणजे तुला भिंग शोधायला नको आणि मावशीकडून वाचून घ्यायला नको. मावशी वाचायला बसली की मध्येच थांबून मत देते, आणि तिची मतं ऐकायची माझी तयारी नाही.

बुधवारी तू ब्रश खाली ठेवलास, ॲप्रन खुंटीला लावलास आणि माझ्याकडे न बघता जिना उतरलीस. थेट मावशीच्या गावी. मी समजावून सांगणार होते, पण तू ऐकून घेशील तर ना. आता सांगते, शांतपणे.

बाबांनी कृत्रिम दात बनवायची आपली लॅब विकायची ठरवली, तेव्हा कागदपत्रं नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात पडली. घेणारी कंपनी मोठी. सौद्याआधी ती आपलं सगळं बघणार: कुठले डॉक्टर आपल्याला काम देतात, कुठल्या पेशंटला कसले दात बसवले, तुझी रंग कालवायची वही. म्हणून आधी गोपनीयतेचा करार करायचा, की बघितलेलं बाहेर फुटणार नाही. तो मी लिहिला. त्यांच्या वकीलबाईंना त्यात फारसं काही सापडलं नाही. पेशंटच्या नोंदी दाखवायच्या म्हणून दोन दिवस मी काळं पेन घेऊन बसले होते. दोन हजार अनोळखी तोंडांची नावं झाकली. अंगठा अजून काळा आहे.

अशा करारात एक सोय असते. जे आधीपासूनच माहीत होतं, ते गुपितात धरत नाहीत. म्हणून सही करण्याआधी प्रत्येकाने यादी द्यायची, की मला अमुक अमुक आधीच ठाऊक आहे. नाहीतर उद्या कुणीही म्हणेल, हे तू आमच्या कागदांतून उचललंस. कंपनीने मला त्यांच्या करार विभागात घ्यायचं कबूल केलंय (हे तुला सांगायचं राहिलं होतं), म्हणून मलाही सही करायची होती आणि मलाही यादी द्यायची होती.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर बसले आणि प्रामाणिकपणे लिहीत गेले. पहिली नोंद दात भाजायच्या भट्टीच्या तापमानाची. दुसरी, कुठले डॉक्टर दातांच्या कॅप किती वेळा परत पाठवतात. असं करत करत सातवी: ‘शेड जुळवणाऱ्या मुख्य तंत्रज्ञ, म्हणजे माझी धाकटी बहीण, यांना डोळ्याच्या पडद्याचा आजार असून पिवळ्या-पांढऱ्या छटांमधला फरक ओळखण्याची त्यांची क्षमता वर्षभरापासून कमी होत आहे.’ पेन चालत होतं, लिहिलं गेलं. यादी कराराला परिशिष्ट म्हणून जोडली गेली आणि करार त्यांच्याकडे गेला. बस, एवढंच. तुझ्या ताईची चूक कुठली म्हणशील तर अति प्रामाणिकपणाची.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परतताना बसस्टॉपवर तू माझा हात धरून म्हणाली होतीस, “ताई, हे बाबांना मी सांगणार. माझ्या तोंडाने. तोवर पोटात ठेव.” ठेवलं की नाही अकरा महिने? बाबांना अजूनही माहीत नाही. तू थकलीस म्हणून मावशीकडे गेलीस, असं त्यांना सांगितलंय. फोनवर त्यांना ऐकू येत नाही हे एका अर्थी बरंच आहे. तुला सांगायचं असेल तर समोर बसून, कानाशी तोंड नेऊनच सांगावं लागेल. तो तुझा हक्क शाबूत आहे. उगाच कांगावा करू नकोस.

तुझी ताई


१९ जानेवारी

ठमे,

उत्तर नाही. ठीक. मग बुधवारचं राहिलेलं मीच सांगते. तू तिथे होतीस, पण तुला अर्धंच दिसलं, आणि हे मी टोमणा म्हणून लिहीत नाहीये. बरं, थोडा टोमणा आहे.

कंपनीचा तो टायवाला तुझ्या खिडकीपाशी आला आणि त्याने टेबलावर पांढरा रुमाल पसरला. त्यावर नमुन्याचे अठरा दात ओतले, मागचे नंबर खरवडून काढलेले. “मॅडम, जरा फिकटपासून गडदपर्यंत लावून दाखवता?” तू हसलीस. तुला वाटलं, तुझं नाव ऐकून आलाय आणि कौतुकाने हात बघायचाय त्याला. कौतुकाची तुला इतकी सवय की तुला दुसरं काही सुचतच नाही. त्याच्या मागे वकीलबाई उभ्या होत्या आणि माझ्या हातात निकाल लिहायचा कागद होता. तो तुला दिसला नाही.

पहिले चार दात तू भराभर लावलेस. पाचवा उचललास आणि हात थांबवलास.

तो थांबलेला हात मला पाठ आहे. गेलं वर्षभर आपण तसंच काम केलंय. तू बाटल्यांचे नंबर पाठ करून रंग कालवायचीस, आणि जिथे नंबर पुरे पडायचे नाहीत तिथे मी तुझ्यामागे बिलांची फाइल घेऊन उभी असायचे. एकदा खोकले की फिकट, दोनदा खोकले की गडद. बाबांनी मला खोकल्याची तीन औषधं आणून दिली. भट्टीवाला काका तर मला तोंडावर म्हणाला, “ताई, एकदा छातीचा फोटो काढून घ्या.” आपण दोघी जिन्यात बसून पोट धरून हसलो होतो.

बुधवारी मी खोकले नाही.

तू वाट बघितलीस. मान किंचित माझ्याकडे वळवलीस, जणू मी विसरलेय. मग स्वतःच लावायला लागलीस. धूम्रपान करणाऱ्याच्या तोंडात शोभेल असा दात तू सहाव्या जागी ठेवलास, चुन्यासारख्या पांढऱ्याच्या शेजारी. अठरापैकी सात चुकले. शेवटचा ठेवून तू हात मागे बांधून उभी राहिलीस, बाबा शिकवायचे तशी, आणि म्हणालीस, “बरोबर?”

टायवाल्याने आधी माझ्याकडे बघितलं. मी कागद उलटा केला. तेव्हा तो म्हणाला, “परिशिष्टात वाचलं होतं, पण इतकं असेल असं वाटलं नव्हतं.” वकीलबाईंचा चेहरा पडला होता. त्या तुझ्याकडे बघू शकत नव्हत्या. मी बघत होते. तुझ्या चेहऱ्यावरून हसू एकदम गेलं नाही. ते तिथेच राहिलं, कुणी उचलून न्यायला विसरावं तसं, आणि मग तू माझ्याकडे वळलीस.

तू म्हणशील, ताई, का नाही खोकलीस? ती परीक्षा होती, ठमे. परीक्षेत कॉपी करू देणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

बाबा रोज सकाळी लॅबमध्ये येऊन तुझ्या खुर्चीवरची धूळ झटकतात. “ठमी कधी येणार?” मी बोटांनी खूण करते, लवकर.

ताई


२७ जानेवारी

ठमे,

आली तुझी चिठ्ठी. तीन आठवड्यांत एक ओळ, आणि तीही प्रश्न: ‘ताई, ती यादी बंद पाकिटात देता येत नव्हती का?’

कुणाला विचारलंस? नक्कीच कुणा वकिलाला गाठलंस. तू स्वतःहून एवढा विचार करणारी नव्हेस.

येत होती. करारातलं नववं कलम वाच, मीच लिहिलंय: ‘आधीच्या माहितीची यादी सीलबंद पाकिटात ठेवता येईल आणि वाद झाला तरच ते पाकीट उघडलं जाईल.’ कुणाच्या आजाराची, कुणाच्या धंद्याची गोष्ट असेल, तर ती यादीत असूनही कुणाच्या नजरेला पडू नये, म्हणून तर असलं कलम घालतात. पाकीट माझ्या खणात होतं. तपकिरी, लाखेसकट. भट्टीवाल्या काकाची यादी मी त्यात घातली, कारण त्याने आपल्या मधुमेहाचं लिहिलं होतं. त्याला म्हटलं, “काका, हे असं उघड्यावर ठेवायचं नसतं.” त्याने दोनदा आभार मानले.

माझी यादी मी बाहेर ठेवली.

आता खरं लिहिते, कारण निम्मं तू ओळखलंयस आणि उरलेलं निम्मं तू चुकीचं ओळखशील.

तू नऊ वर्षांची होतीस, मी चौदाची. बाबांनी आपल्याला दोघींना खिडकीत उभं केलं आणि नमुन्याचे दात पुढे धरून विचारलं, समोरच्या दुकानदाराचा दात यातला कुठला? मी आधी सांगितलं. बरोबर सांगितलं. तू माझ्यानंतर सांगितलंस, तेच सांगितलंस. बाबा म्हणाले, “ताईचा अंदाज बरा आहे, पण हिला डोळा आहे.” आणि ब्रश तुझ्या हातात दिला. मला म्हणाले, “तुझं अक्षर मोत्यासारखं आहे, तू बिलं लिही.” एकतीस वर्षं बिलं लिहिली. बिलं, पावत्या, करार. त्या खिडकीतून दुकानदाराचे दात मला अजूनही दिसतात आणि त्याने मागच्या वर्षी बदललेली कॅप अर्ध्या शेडने चुकलीय हेही दिसतं. ती तू केलेली आहे. त्या दिवशी मी बँकेत गेले होते, खोकायला नव्हते.

गेलं वर्षभर या लॅबमधला डोळा मी होते, ठमे. आणि बाबा पाहुण्यांना तुझ्या खुर्चीपाशी आणून म्हणायचे, “बघा, असा डोळा लाखात एक.” मी मागे उभी. खोकत.

मला तुझा हेवा वाटतो. लहानपणापासून वाटतो. हे लिहिताना मला लाज वाटेल असं वाटलं होतं, पण नाही वाटली. आणि तरी तू जिना उतरून गेलीस त्या संध्याकाळी मी तुझी बाटल्यांची फळी पुसून, नंबर पुढे करून लावून ठेवली. का, ते मला विचारू नकोस.

आता तूच सांग, ती सातवी नोंद चूक होती का? एक अक्षर तरी खोटं होतं का तिच्यात?

ताई


५ फेब्रुवारी

ठमे,

हे कामाचं पत्र आहे, नीट वाच.

कंपनीला लॅब हवी आहे, तुझ्याशिवाय. तुझी वही हवी आहे आणि तुझी सही हवी आहे. त्यांना धास्ती एकाच गोष्टीची आहे. वर्षभरात आपण हजारो कॅप दिल्या. त्या जुळवणारीला रंग दिसत नव्हते, हे जर डॉक्टरांच्या कानावर गेलं, तर टोपल्या भरभरून माल परत येईल. बसलेले दात काढून आणतील लोक. मी त्यांना सांगितलं नाही की त्यातले बहुतेक बरोबर आहेत. कसं सांगणार? मग खोकल्याचंही सांगावं लागलं असतं.

म्हणून तुझ्याबरोबर हा नवा करार. चौथं कलम मी लिहिलंय, तुला पाठ व्हावं म्हणून जसंच्या तसं देते: ‘सदर तंत्रज्ञाच्या दृष्टीविषयीची सर्व माहिती ही कंपनीची गोपनीय व्यावसायिक माहिती समजली जाईल, आणि सदर तंत्रज्ञ ती कोणालाही, कोणत्याही स्वरूपात, कधीही उघड करणार नाही.’

तुझा आजार आता कंपनीचा झाला, ठमे. वकीलबाई वाचून म्हणाल्या, “आपल्याच आजाराबद्दल माणसाला बोलता येणार नाही? हे जरा क्रूर होतंय.” मी म्हटलं, “पण पक्कं होतंय.” टायवाल्याला फार आवडलं.

वकीलबाईंच्या आग्रहावरून एक अपवाद घातलाय. उपचार करणारे डॉक्टर सोडून आणखी एका व्यक्तीला तू सांगू शकतेस. एकाच. त्या व्यक्तीचं नाव करारात लिहायचं, त्यासाठी जागा कोरी ठेवलीय.

सही केली नाहीस तर सौदा मोडेल. लॅबमधल्या एकतीस जणांना कंपनी घेणार होती, ते बसतील घरी. आणि सौदा का मोडला हे बाबांना सांगायला टायवाला स्वतः येईल. तो मोठ्याने बोलतो, बाबांना ऐकू जाईल. तू तिथे नसशील. तुझ्या आधी परका माणूस सांगून मोकळा होईल.

रविवारी कागद घेऊन येते. मावशीला सांग, चहा ठेवू नकोस, मी थांबणार नाही.

ताई


१२ फेब्रुवारी

ठमे,

सौदा झाला. परवा पाटी उतरवली. बाबा खाली उभे राहून बघत होते. पाटी उतरवणाऱ्याला सांगत होते, “सांभाळून, माझ्या मुलीने रंगवलीय.” मी त्यांचा हात धरून उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, “ठमी कधी येणार?”

रविवारबद्दल लिहायचं होतं.

तू बारीक झालीस. स्वयंपाकघरात मावशी भांडी आपटत होती, आणि तिला ऐकू जाऊ नये म्हणून आपण दोघी कुजबुजत होतो, अगदी लहानपणी चोरून बोलायचो तशा. मी सगळी कलमं वाचून दाखवली. तू ऐकत नव्हतीस. खिडकीबाहेर दोरीवर चादरी वाळत होत्या, त्यांच्याकडे बघत होतीस. एकदम म्हणालीस, “ताई, त्यातली पिवळी कुठली गं?” मी सांगितलं. खरं तेच सांगितलं.

मग तू म्हणालीस, “त्या कोऱ्या जागेत बाबांचं नाव लिही. बाकी काय लिहायचं ते लिही, मला काही नको. मला फक्त बाबांना सांगायचंय. त्यांच्याजवळ बसून सांगेन. ते माझा हात हातात घेतील, एवढं पुरे.”

मी म्हटलं, “बरं.” तुझं बोट धरून सहीच्या जागेवर ठेवलं. तू सही केलीस, तीन पानांवर, तिन्ही प्रतींवर. निघताना तू माझ्या गळ्यात पडलीस. म्हणालीस, “ताई, मी तुला माफ केलं.”

हे तू म्हणायला नको होतंस.

तू माफ केलंस, म्हणजे पुन्हा तूच मोठी. मी परतीच्या बसमध्ये बसले होते, बॅग मांडीवर होती आणि मला दिसत होतं काय होणार ते. तू येशील. बाबांच्या कानाशी तोंड नेऊन सांगशील. बाबा रडतील. तुझे डोळे दोन्ही हातांनी धरतील. मग उठता बसता तुझा हात धरून नेतील, पाहुण्यांना सांगतील, बघा, या पोरीने न दिसताना वर्षभर काम केलं, असा डोळा लाखात एक. आंधळी झालीस तरी डोळा तुलाच असणार. मी मागे उभी.

बसमध्येच लिहिलं मी. गाडी हलत होती, तरी अक्षर चांगलं आलंय. ‘अपवाद: एक व्यक्ती’, आणि पुढे माझं नाव.

तुझी प्रत सोबत आहे. भिंगाने बघ, दुसऱ्या पानावर, खालून तिसरी ओळ. सही करताना जागा कोरी होती, असं म्हणून तू कोर्टात जाऊ शकतेस. खुशाल जा. तिथे आधी तुझे डोळे तपासतील, सगळ्यांसमोर, आणि बाबांना साक्षीला बोलावतील. आणि तू बाबांना गुपचूप सांगितलंस, तर करार मोडल्याचं कंपनीला कळवायचं काम नव्या नोकरीत ज्या बाईकडे आहे ती मीच. मी कळवेन. एकतीस जणांची नावं मला पाठ आहेत, भट्टीवाल्या काकापासून. मी कळवेन हे तुलाही माहीत आहे, म्हणून तू सांगणार नाहीस.

मावशीला तू थकवा सांगितलायस ना? तोच राहू दे. माझी आधीची चारही पत्रं जाळ. ती आता उघड झालेली गोपनीय माहिती आहेत.

तू रविवारी येणार, असं मावशीने कळवलंय. ये. बाबांनी तुझ्यासाठी खुर्ची उन्हात काढून ठेवलीय. त्यांच्याजवळ बस. हात धरतील, धरू दे. तू रडलीस तर विचारतील काय झालं. सांग, डोळ्यात कचरा गेला. ते फुंकर घालतील.

मग माझ्या खोलीत ये आणि दार लावून घे. किती दिसतं, काय दिसायचं बंद झालं, सकाळी उठल्यावर भीती वाटते का, ते सगळं मला सांग. दर रविवारी सांग. मी कुठेही जाणार नाही, खोकणार नाही, मध्ये बोलणार नाही. तुला आता दुसरं कुणीच नाही, ठमे. मी ऐकेन.

तुझी ताई